अकराव्या वचनाच्या आधी

डायलिसिस विभागात रुग्ण आठवड्यातून साधारण तीनदा येतात आणि प्रत्येक वेळी चारेक तास आमच्यासमोर असतात, त्यामुळे त्यांची सुखदुःखे आम्हा परिचारिकांना परकी राहत नाहीत. म्हणूनच आईचे मूत्रपिंड मिळणार या आनंदात आम्ही जिला निरोप दिला होता, ती तरुणी शस्त्रक्रियेविनाच परतली तेव्हा मला शब्द सुचेनात. रोपणापूर्वीची अखेरची क्रॉसमॅच चाचणी पॉझिटिव्ह आली होती. आईच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या रक्तात सापडली होती, आणि अशा स्थितीत नवे मूत्रपिंड शरीराने तत्काळ नाकारण्याचा धोका असतो. त्या आईचा चेहरा बघवत नव्हता.

मी फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन्ही सुया घालून यंत्र सुरू केले. शेजारी बसलेल्या तिच्या मामांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन म्हटले: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तिने ते शांतपणे ऐकले आणि मला म्हणाली, "सिस्टर, हा अध्याय पहिल्यापासून वाचाल का?"

मी वाचू लागले. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नेलेल्या बंदिवानांना यरुशलेमेहून यिर्मयाने पाठवलेले ते पत्र आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा, दोन वर्षांच्या आत सारे परत येतील, असे परमेश्वराच्याच नावाने सांगतो आणि खोटा ठरतो. यिर्मया मात्र घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे लिहितो; कारण दहाव्या वचनाप्रमाणे सुटकेला सत्तर वर्षे लागणार होती.

"म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण तिथेच वारले असतील," ती म्हणाली. "तरी पुढचं वचन त्यांनाही होतंच ना?" आणि मग ती रडली, बराच वेळ रडली. मामांनी तिला गप्प केले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

देवाच्या हेतूवर विसंबणे म्हणजे वाईटाला चांगले म्हणणे नव्हे, असे मी मनापासून मानते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफानेही भावांनी योजलेले वाईट हे वाईटच होते असे त्यांना सांगितले. देवाने त्याच घटनेत चांगले योजले, ही त्याची ग्वाही त्यानंतर येते, आणि तीसुद्धा दास्य, तुरुंग व दुष्काळ भोगून झाल्यावर. खाटेवरच्या माणसाला ती ग्वाही आपण पहिल्याच दिवशी घाईने ऐकवतो, तेव्हा आपले सांत्वन यिर्मयापेक्षा हनन्याच्या जवळ जाते.

यंत्र थांबल्यावर मी सुया काढून टोचलेल्या जागा दाबून धरल्या होत्या, तेव्हा तिने पुढच्या आठवड्यापासून सकाळची पाळी मागितली. रोपणासाठी थांबवलेला अभ्यासक्रम तिला पुन्हा सुरू करायचा होता आणि वर्ग दुपारी भरत असत. थोडी विश्रांती घे, असे मामा म्हणाले. तिने ते ऐकून घेतले, पण मागणी सोडली नाही. सकाळी जागा रिकामी नव्हती, म्हणून पाळी बदलायला कोणी तयार आहे का, हे मी खाटाखाटांवर जाऊन विचारू लागले.