मियाको ते कुजी : एका किनारी रेल्वेची आठवण

कुजी, १६ मार्च, रात्र

जपानच्या इवाते प्रांतातील सानरिकु रेल्वेने आज मियाकोहून कुजीला आलो. ७१ किलोमीटरच्या या प्रवासाला साधारण दीड तास लागला आणि त्यातला पुष्कळसा वेळ बोगद्यांच्या अंधारात गेला. १६ मार्च हा दिवस मी मुद्दाम निवडला होता. त्याचे कारण आज इथे सविस्तर लिहून ठेवतो.

या मार्गाचे नाव ‘रियास’ आहे. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला रिया किनारा म्हणत होतो, तोच हा शब्द. नदीची दरी समुद्राखाली गेली की दाभोळ, जयगड किंवा विजयदुर्गसारखी खाडी तयार होते, एवढे कोकणामुळे आपल्याला ठाऊक असते. मात्र अशा निमुळत्या खाडीत त्सुनामी शिरली की पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि लाट वर चढत जाते, हे मला इथे आल्यावरच नीट उमगले. १५ जून १८९६ रोजी दक्षिणेकडील र्योरी येथे पाणी ३८.२ मीटर उंचीपर्यंत पोहोचले होते. त्या एका रात्रीत या किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे मृत्युमुखी पडली. डोंगरांमुळे गावे एकमेकांपासून तुटलेली असल्याने मदत पोहोचणेही अवघड होते. किनाऱ्याला जोडणारी रेल्वे हवी, ही मागणी त्याच वर्षी पुढे आली. म्हणजे या रेल्वेच्या कल्पनेचा जन्मच त्सुनामीतून झाला.

ती कल्पना पूर्ण व्हायला ८८ वर्षे लागली. सरकारी रेल्वेने १९७० पासून मार्गाचे तुकडे सुरू केले. १९७२ मध्ये मियाको ते तारो आणि १९७५ मध्ये कुजी ते फुदाई हे टप्पे सुरू झाले, पण मधला भाग अपुराच होता. १९८० मध्ये तोट्यातील स्थानिक मार्ग बंद करण्याचा किंवा दुसऱ्याकडे सोपवण्याचा कायदा आला, तेव्हा सगळेच संपल्यासारखे वाटले असणार. मात्र प्रांत, किनाऱ्यावरील गावे आणि खाजगी भागधारक यांनी मिळून १९८१ मध्ये कंपनी स्थापन केली, अपुरे टप्पे पूर्ण करून घेतले आणि १ एप्रिल १९८४ रोजी उत्तर (मियाको ते कुजी) व दक्षिण (साकारी ते कामाइशी) असे दोन्ही मार्ग सुरू केले. सरकारी रेल्वेने सोडलेले मार्ग अशा संयुक्त कंपनीने चालवण्याचे जपानमधील हे पहिले उदाहरण. लोक तिला प्रेमाने ‘सानतेत्सु’ म्हणतात.

११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी दक्षिण मार्गावरील एक गाडी कुवादाई बोगद्यात थांबली, आणि त्या बोगद्यानेच तिला पाठोपाठ आलेल्या त्सुनामीपासून वाचवले. मियाकोत वीज गेलेली होती, म्हणून कंपनीने स्थानकात उभ्या असलेल्या डिझेल डब्यातच आपले आपत्कालीन कार्यालय थाटले, कारण इंजिन चालू असेपर्यंत तिथे दिवे आणि ऊब होती. त्यानंतर पाचच दिवसांनी, १६ मार्चला, रिकुचू-नोदा ते कुजी या सुमारे ११ किलोमीटरच्या पट्ट्यात गाडी धावली. तिकीट नव्हते आणि वेग मंद होता. नातलगांना शोधायला निघालेल्या, घर गेलेल्या माणसांना त्या दिवशी आपल्या गावची गाडी रुळावर दिसली. आज तोच पट्टा ओलांडताना मला खिडकीवरून नजर हलवता आली नाही. या रेल्वेच्या तोट्याचे आकडे अनेकदा मांडले जातात, पण त्या सकाळची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला कुणी सांगितलेले नाही.

शिमानोकोशीला उतरलो. इथले जुने स्थानक उन्नत पुलावर होते. लाटेने स्थानक आणि पूल दोन्ही नेले, मात्र कविता कोरलेली एक शिळा जागेवर राहिली. आता पुलाच्या जागी मातीचा भक्कम बांध घातला आहे, म्हणजे रेल्वेचा मार्गच समुद्र अडवणारी दुसरी भिंत झाला आहे. मी बराच वेळ त्या बांधाखाली उभा होतो. मागे गाव उंचावर सरकले आहे आणि फलाटावर माझ्याखेरीज एक आजीबाई तेवढ्या होत्या.

कंपनीचे दोन्ही मार्ग एप्रिल २०१४ मध्ये पूर्ववत झाले. नव्या डब्यांच्या खरेदीला कुवेतच्या मदतीचा हातभार लागला, म्हणून त्या डब्यांवर कुवेतचे राजचिन्ह आणि अरबी भाषेतील आभार आहेत. मियाको ते कामाइशी हा ५५.४ किलोमीटरचा मधला पट्टा मात्र दुसऱ्या कंपनीकडे होता आणि तो आठ वर्षे बंदच राहिला. २३ मार्च २०१९ रोजी तोही सानरिकु रेल्वेकडे आला आणि साकारी ते कुजी असा १६३ किलोमीटरचा अखंड मार्ग झाला. सात महिनेही झाले नव्हते, तोच ऑक्टोबरच्या चक्रीवादळाने अनेक ठिकाणी रुळांखालची माती वाहून नेली. २० मार्च २०२० रोजी गाडी पुन्हा पूर्ण मार्गावर धावू लागली.

परवा साकारीपर्यंत जाऊन दक्षिणेचा भागही पाहायचा आहे. आज नोदाच्या अलीकडे शाळेच्या गणवेशातील तीन मुली चढल्या आणि कुजी येईपर्यंत परीक्षेची टिपणे वाचत राहिल्या. बाहेर समुद्र अगदी जवळून जात होता, पण त्यांनी एकदाही मान वर केली नाही.