देवीची निद्रा, खंडोबाचा मुक्काम आणि येळवस

कोजागरी, रात्र

दूध आटवून झालं, सगळे पिऊन झोपले. मी पंचांग आणि नकाशा घेऊन बसलेय. धाराशिवचा बेत आज कागदावर उतरवायचाच.

आमचं कुलदैवत तुळजाभवानी. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यात आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. पण जाणं कसं? पहाटे पुण्याहून निघायचं, सोलापूरवरून तुळजापूर गाठायचं, रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची आणि रात्री उशिरा घरी. लग्न झालं की जोडीनं, बाळ झालं की बाळाला घेऊन, पण रीत तीच. ज्या मुलखात आपली कुलस्वामिनी राहते, तिथली नदी कुठली, तिथे काय पिकतं, लोक सणाला काय रांधतात, यातलं आमच्या घरात कुणालाही सांगता येणार नाही. मला हे फार दिवस खटकतंय. देवीला जायचं तर तिचा मुलूखही सावकाश पाहायला हवा. या वेळी मुक्काम करायचा म्हणजे करायचाच.

दादाचं म्हणणं, लगेच दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. त्याचा जीव नळदुर्गच्या धबधब्यात अडकलाय, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. नळदुर्गचा किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्या मधून बोरी नदी वाहते. या नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात दगडी बंधारा घातला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. हाच पाणीमहाल, काम १६१३ सालचं. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की या बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात. एक नर, एक मादी. डोक्यावरून नदी चाललेली, आणि माणूस आत सज्ज्यात उभा राहून समोरून पडणारं पाणी बघतोय, अशी ती रचना. बांधणाऱ्यानं आधी पाण्याची वाट ठरवली असणार आणि मग खोलीच्या भिंती, असं फोटो पाहताना सारखं वाटतं. धरणाची भिंत ही मुळात रोखठोक कामाची गोष्ट. तिच्या आत बसून पाऊस अनुभवायची जागा करावी हे ज्याला सुचलं, त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

तर दादाला ते पाणी हवंय. आईला देवी नीट सिंहासनावर हवी. आणि मला खंडोबा नळदुर्गात हवा. हे सगळं एका वेळी जमतं का, ते बघायला पंचांग काढलं.

आईचं आधी. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राच्या आधी घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. दसऱ्याची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग घोडेगावहून येतो. युद्ध करून दमलेल्या देवीला विश्रांती द्यायची, तिचं अंग दुखत असेल असं समजून वागायचं, ही रीत मला फार जवळची वाटते. पण आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या जेमतेम झेपतात. एकदाच जायचं, तर देवी सिंहासनावर महापूजेत दिसावी, अशी तिची इच्छा. म्हणजे निद्रेचे दिवस वगळायचे आणि नवरात्राची गर्दीही टाळायची.

आता माझा खंडोबा. नळदुर्ग आणि अणदूर ही जवळजवळची गावं. दोन्हीकडे खंडोबाचं देऊळ आहे, मूर्ती मात्र एकच. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, बोरीकाठच्या मैलारपुरात. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की देव नळदुर्गला येतो, पौष पौर्णिमेला इथली मोठी यात्रा भरते आणि मग तो परत निघतो. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. देव अमुक दिवशी नेतो, अमुक दिवशी परत आणून देतो, असं कागदावर! वादाचं कारण व्हायला एवढं पुरेसं होतं. त्याऐवजी दोन गावांनी देव वाटून घेतला आणि शब्द पाळत आली. हे ऐकल्यापासून मला तो देव नळदुर्गात असतानाच बघायचाय.

म्हणजे दादाचं पाणी पावसाळ्यात आणि माझा खंडोबा हिवाळ्यात. दोन्ही एका फेरीत बसत नाही. बराच वेळ कागदावर रेघोट्या ओढल्या.

निकाल लावला तो मावशीच्या फोननं. आईची ही मावसबहीण तुळजापूर-औसा रस्त्यावरच्या एका गावात राहते. बेत सांगितला तर म्हणाली, "दिवाळीत कशाला येतीस? येळवशीला ये. जेवायला रानातच बसू."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. पुण्या-मुंबईकडे हा सण फारसा कुणाला माहीत नाही. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात मात्र दिवाळीइतकाच मोठा. त्या दिवशी घरं बंद करून सगळी माणसं रानात जातात, लातूरसारख्या शहरातही शुकशुकाट असतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांवर, तूर वाळायला लागलेली. अशा उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, आत पाच दगड मांडून पांडवांची पूजा होते. मग पंगत. मावशीनं फोनवर भज्जी कशी करतात ते सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मोसमातल्या मिळतील तेवढ्या शेंगा, ओले दाणे आणि पालेभाज्या एका पातेल्यात शिजवायच्या, त्यात चिंचेचं पाणी, वरून ताकात कालवलेलं बेसन. भजी नव्हे हं, भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. आणि माठात आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आदल्या रात्रीच करून आंबवलेली. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात म्हणे. मावशी हे सांगताना इतकी रंगली की मागे कुकरची शिट्टी होत होती तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

पंचांगात पाहिलं. अमावस्येला देवी सिंहासनावर असते, मोहनिद्रा पौषात सुरू होते. खंडोबा नळदुर्गातच. शाकंभरी नवरात्राची गर्दी पुढे आठवड्यानं. दादाचं पाणी तेवढं हुकतंय. त्याला स्पष्ट सांगितलं की पाणी नसताना पाणीमहालाचं बांधकाम नीट दिसेल, कारंज्यासारखे तुषार अंगावर घेत कुणी दगड न्याहाळत नाही. शिवाय उपली बुरूज आहे, त्याच्या पायऱ्या चढून वर गेलं की किल्ल्याचा सगळा विस्तार आणि दूरवरची शेतं दिसतात. तो जरा कुरकुरला, मग तयार झाला. त्याच्यासाठी ऑगस्टच्या शेवटाला एक वेगळी फेरी करायचं मी कबूल केलंय आणि ते पाळणार आहे.

मग मार्ग आखला. मुंबईहून लातूरला जाणारी रात्रीची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यात येते आणि पहाटे धाराशिवला उतरवते. ही लाइन पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची, अरुंद रुळांची, १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झालेली. आईला गाडीत आडवं व्हायला मिळेल, हे महत्त्वाचं.

उतरल्यावर आधी तेर. वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. गोरा कुंभाराचं गाव म्हणून आपण ओळखतो. पण ग्रीक खलाशाच्या जुन्या प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीनं ज्या तगर नगराचं नाव येतं, ते हेच. इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचा. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात विटांचं गजपृष्ठाकार चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, आणि आत वामनाचं विराट रूप. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या रानांतून आणि पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून, सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यांतूनच इथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तशीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली होती. एवढं सगळं एका खेड्यात असून तुळजापूरच्या रांगेतल्या शंभर माणसांना विचारलं तर तेरला जाऊन आलेला क्वचितच सापडेल. संग्रहालय उघडं आहे ना, एवढं आदल्या आठवड्यात फोन करून विचारायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर, दुपारी नळदुर्ग, रात्री मावशीकडे. तिसऱ्या दिवशी रान.

परांडा या वेळी सोडला. मन तयार होत नव्हतं, कारण विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ पर्यंत परांड्याच्या भुईकोटात होती आणि तो किल्ला मला निवांत हिंडायचाय. पण तो बार्शीकडे पडतो. घाईत उरकला तर परत आपली जुनीच रीत.

आता कामं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठला दादानं बसायचं. तुळजापुरात खोली तळमजल्याची हवी, हे बुकिंग करतानाच सांगायचं. अमावस्येला हॉटेलं बंद असतील, गाडीवाल्याचं जेवण आपल्याबरोबर रानातच, हे मावशीला आधी कळवायचं. तिला काय आणू विचारलं, तर म्हणाली, "खण-नारळ देवीला, मला काय नको. पोरांना पायात बूट घालून आण, रानात काटं हायती."