लिम्फ ड्रेनेजचा उपचार आणि त्याआधीची एक चिठ्ठी

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका ग्रंथी काढाव्या लागल्या किंवा त्या भागाला रेडिएशन द्यावे लागले, तर त्या बाजूच्या हाताला पुढे कधीही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, सूज येऊ शकते. माझ्या उजव्या हाताचे तेच झाले. भाकरी थापताना हात जड वाटू लागला आणि सकाळी घातलेल्या ब्लाउजच्या बाहीचा वळ संध्याकाळपर्यंत दंडावरून जाईना. सेलूतल्या आमच्या डॉक्टरांनी हा लिम्फेडिमा असल्याचे लगेच सांगितले आणि छत्रपती संभाजीनगरला मॅन्युअल लिम्फ ड्रेनेजचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ताही दिला. इथपर्यंत सगळे सुरळीत झाले.

बाईंनी मात्र पहिल्या भेटीत हाताला हातसुद्धा लावला नाही. त्या म्हणाल्या, "ताई, कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मग सुरू करू." या उपचारात त्वचेखाली साचलेला लसिका (लिम्फ) हा द्रव हलक्या हाताने पुढे सरकवला जातो. त्यामुळे हाताला जंतुसंसर्ग झालेला असेल, शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर तो करता येत नाही. शिवाय सूज नव्याने आलेली असल्यास तिच्यामागे आजार उलटलेला नाही ना, हेही आधी पाहावे लागते. त्यांचा आग्रह शंभर टक्के योग्य होता आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती हे पत्र मिळवण्यासाठी जिथे खेटे घालावे लागले, त्या रुग्णालयाबद्दल.

माझी शस्त्रक्रिया जिथे झाली होती, त्याच मोठ्या रुग्णालयात मी गेले. शस्त्रक्रिया विभागात सांगण्यात आले की टाके निघाले तेव्हाच आमचे काम संपले, आता तुम्ही रेडिएशनच्या ओपीडीत जा. रेडिएशनच्या ओपीडीचा वार वेगळा होता, म्हणून घरी परतून पुन्हा यावे लागले आणि नवा केसपेपर काढावा लागला. तिथे ऐकायला मिळाले की सूज हा फिजिओथेरपीचा विषय आहे. फिजिओथेरपी विभागातल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, सर्जरीचं रेफरन्स लेटर असल्याशिवाय आमच्याकडं नोंदच होत नाही." म्हणजे जिथून निघाले होते, तिथेच परत. दरम्यान जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून यायची होती, आणि ती आल्याशिवाय शस्त्रक्रिया विभागातले कोणी एक अक्षर लिहायला तयार नव्हते. ज्या दिवशी फाइल आली, त्या दिवशी संबंधित डॉक्टर रजेवर होते.

सर्वांत संताप आला तो एका तरुण डॉक्टरांच्या उत्तराचा. मान वर न करता ते म्हणाले, "मालिश करायला पत्र कशाला पाहिजे? घरीच तेल लावून जोरात चोळत जा." लिम्फेडिमाच्या हाताला नेमके हेच करायचे नसते. जोरात रगडल्याने तिथला रक्तप्रवाह वाढून सूज आणखी बळावू शकते. त्यांनी केसपेपरवर फक्त "फिजिओ" एवढाच शब्द खरडला. तो घेऊन मी बाईंकडे गेले, तर त्यांनी तो शांतपणे परत केला. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला होता, हे लिहायला हरकत नाही.

शेवटी मी शिक्षकी पेशाला जागले. वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात चार प्रश्न लिहिले: हाताला संसर्ग आहे काय, डॉप्लर तपासणीत (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुठळी दिसते काय, आजार उलटल्याची लक्षणे आहेत काय, आणि हृदय व मूत्रपिंडाच्या दृष्टीने हा उपचार चालेल काय. प्रत्येकाखाली उत्तरासाठी जागा सोडली आणि तळाशी सही, शिक्का व तारीख यांसाठी रेघा मारल्या. रेडिएशन विभागातल्या एका निवासी डॉक्टर बाईंनी तो कागद वाचला, काख आणि गळपट्टीच्या हाडावरचा खळगा बोटांनी चाचपून पाहिला, डॉप्लर लिहून दिला आणि त्याचा अहवाल आल्यावर पाच मिनिटांत चारही उत्तरे लिहून सही केली. जे काम पाच मिनिटांचे होते, त्यासाठी माझा अख्खा पावसाळा गेला. म्हणून माझे सांगणे असे की, "पत्र द्या" अशी विनंती करत फिरू नका. प्रश्न लिहिलेला कागदच पुढे ठेवा, आणि रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदांच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती कायम जवळ असू द्या.

प्रत्यक्ष उपचाराबद्दल लिहिण्यासारखे त्या मानाने थोडे आहे. ही पद्धत डेन्मार्कचे एमिल वोडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी विकसित केली आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये मांडली. फिजिओथेरपिस्ट बाई तेल लावत नाहीत. सुरुवात सुजलेल्या हातापासून होत नाही, तर मानेपासून आणि गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यापासून होते, कारण सगळी लसिका अखेर तिथेच रक्तात मिसळते. कालव्याचे पाणी सोडण्यापूर्वी पुढची चारी मोकळी करावी, तसा हा क्रम आहे. मग दुसऱ्या बाजूची काख, पोट, जांघ, आणि त्यानंतर दंड, कोपर व पंजा. बोटे सपाट टेकवून त्वचा अलगद ताणायची आणि सोडायची, एवढेच. त्वचा लालसुद्धा होत नाही. पहिल्या दिवशी मला वाटले की इतक्या हलक्या हाताने काय होणार.

केवळ त्याने फार होतही नाही, आणि हे बाईंनी स्वतःच सांगितले. खरी मदार त्यानंतर बांधल्या जाणाऱ्या, फारशा न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर, त्या बांधून करायच्या व्यायामावर आणि त्वचेच्या निगेवर असते. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2015 च्या समीक्षेत सहा चाचण्यांचा विचार करून साधारण असाच निष्कर्ष निघाला आहे: हा उपचार सुरक्षित आहे आणि सौम्य ते मध्यम सुजेत पट्ट्यांच्या जोडीने त्याचा काहीसा अधिक लाभ होऊ शकतो. त्यामुळे "नुसत्या स्पर्शाने सूज कायमची घालवतो" असे कोणी म्हणाले, तर पैसे देऊ नका. लिम्फेडिमा आटोक्यात राहतो, समूळ जात नाही.

पट्ट्या बोटांपासून दंडापर्यंत थरांवर थर बांधल्या जातात आणि दिवसरात्र ठेवाव्या लागतात. म्हणून आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हा टप्पा शक्यतो सुरू करू नये. मला पत्रासाठी ताटकळावे लागल्यामुळे तो आपोआप थंडीत आला, हा त्या रुग्णालयाचा एकमेव उपकार म्हणावा लागेल. रुंद बाहीचे दोन ब्लाउज आधीच शिवून घ्या. पहिल्या दिवशी मनगटापासून ठरावीक अंतरावर दोन्ही हातांची मापे टेपने घेऊन लिहून ठेवायला सांगा, कारण फरक डोळ्यांना उशिरा दिसतो. सूज उतरून माप स्थिर झाल्यावरच दाब देणारी बाही मागवा. आधी घेतली तर ती सैल होते आणि पैसे वाया जातात.

शेतात जाणाऱ्या बायांनी कापूस वेचताना त्या हातात मोजा घालावा, कारण बोंडाची टोके बोटांना टोचतात आणि अशा हाताला बारीक जखमही महागात पडते. हात अचानक लाल व गरम झाला आणि अंगात ताप भरला, तर पट्टी सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तो संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर बाई पुन्हा नवे पत्र मागतात, म्हणून त्या चार प्रश्नांच्या कोऱ्या प्रती मी फाइलमध्ये ठेवल्या आहेत.