टस्कीगी ते नोटासुल्गा: लोकांनी बांधलेल्या शाळांची काउंटी

अटलांटाहून आय-85 महामार्गानं मॉन्टगोमेरीकडे निघालेली आपली मंडळी अलाबामातली मेकन काउंटी बहुधा गाडीच्या काचेतूनच पाहतात. एग्झिट 38 ची पाटी येते, कुणीतरी "अरे, कार्व्हरांचं टस्कीगी हेच का?" म्हणतं आणि गाडी पुढे निघून जाते. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांचं चरित्र मराठी घरांत किती वाचलं गेलंय हे सांगायला नको, त्यामुळे जे थांबतात तेही संग्रहालय पाहून परत फिरतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तेवढ्यावर थांबू नका. इथल्या शाळा लोकांनी मागून, भांडून, विटा भाजून आणि वर्गणी काढून उभ्या केल्यात. ते समजून घ्यायचं तर टस्कीगी विद्यापीठाच्या कॅम्पसवरून निघून नोटासुल्ग्याजवळच्या लाकडी शाळेपर्यंत जायला हवं, आणि गावच्या चौकातही उभं राहायला हवं. त्यासाठी अख्खा दिवस हाताशी ठेवा, जमलं तर दीड.

आम्ही मार्च अखेरीस गेलो. साताऱ्याहून आलेले आई-बाबा बरोबर होते. हवा छान होती. जून ते ऑगस्टमध्ये मात्र वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका, उन्हाबरोबर घामटा फार असतो. अटलांटाहून साधारण दोन तास लागतात. अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे आहे, त्यामुळे सकाळी आठला निघालात तर तिथल्या नऊलाच पोहोचता. येताना तोच तास अंगावर येतो, तेव्हा संध्याकाळचे बेत जरा सैल ठेवा.

टस्कीगी हे काउंटीचं मुख्य गाव, आपल्याकडे तालुक्याचं ठिकाण असतं तसं. सगळ्या काउंटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 19,532. त्यातले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. इथल्या शाळेची गोष्ट सुरू होते ती 1880 च्या निवडणुकीत. लुईस ॲडम्स हे पूर्वाश्रमीचे गुलाम, पत्र्याचं, चामड्याचं काम करणारे कसबी कारागीर. राज्याच्या सिनेटसाठी उभा असलेला एक गोरा उमेदवार कृष्णवर्णीयांची मतं मागायला त्यांच्याकडे आला. ॲडम्सनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. राज्यानं वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. शाळा चालवायला शिक्षक म्हणून बुकर टी. वॉशिंग्टन पंचविशीत इथे आले आणि 4 जुलै 1881 ला चर्चशेजारच्या एका मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली, तीच आजचं टस्कीगी विद्यापीठ. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा, असं वॉशिंग्टननी स्वतः लिहून ठेवलंय.

पुढच्याच वर्षी एका पडीक मळ्याची 100 एकर जमीन उसनवारी करून घेतली. इमारतींना विटा हव्या होत्या, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून विद्यार्थीच वीटभट्टी लावायला शिकले. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टननी आपलं घड्याळ गहाण टाकून 15 डॉलर उभे केले आणि ती भट्टी साधली. पुढे याच विटा गावातले गोरे लोकही विकत न्यायला लागले.

हे माहीत असलं की कॅम्पसवरच्या भिंती निराळ्या दिसतात. 'द ओक्स' हे वॉशिंग्टन यांचं 1899 चं घर. त्याचे वास्तुरचनाकार रॉबर्ट टेलर, एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. ते भिंतीपाशी चांगले दहा मिनिटं रेंगाळले. एक वीट जांभळट काळी, तिच्या शेजारची नारिंगी, काहींच्या कडा किंचित गोलसर. "ही जाळाजवळची, जास्त भाजलेली. ही कडेची," असं आईला दाखवत होते. तुम्हीही भिंत जवळून पाहा, फक्त घाईत फोटो काढून निघू नका. घराच्या आतला भाग रेंजरबरोबरच पाहता येतो.

घर आणि कार्व्हर संग्रहालय ही दोन्ही राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहेत, प्रवेश विनामूल्य. मात्र उघडण्याचे वार बदलत असतात, आणि जुन्या इमारती मधूनमधून डागडुजीसाठी बंद ठेवतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहून वर फोनही करा. बाकीचा परिसर चालत्या-बोलत्या विद्यापीठाचा आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि सुरक्षारक्षकाला विचारून मगच आत गाडी लावा. वर्ग सुरू असताना इमारतींत शिरू नये.

कार्व्हर 1896 मध्ये इथे आले आणि 5 जानेवारी 1943 ला इथेच वारले; वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांची समाधी आहे. संग्रहालयात सगळे भुईमुगाच्या बाटल्यांपाशी गर्दी करतात. मला त्याहून मोठं काम वाटतं ते जेसप वॅगनचं. वर्षानुवर्षं कापूस घेऊन घेऊन इथली जमीन कसदार राहिली नव्हती, आणि कुळांना शाळेत यायला सवड नव्हती. तेव्हा 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक घोडागाडी सज्ज केली. अवजारं, बियाणं, दूध घुसळायचं साहित्य घेऊन ती शेताच्या बांधापर्यंत जायची. गाडी चालवणारे टॉमस कॅम्पबेल पुढे सरकारी कृषी विस्तार सेवेतले पहिले कृष्णवर्णीय अधिकारी झाले. चवळी-भुईमूग लावा म्हणजे जमिनीत नत्र परत येतं, रताळी लावा म्हणजे घरात खायला राहतं, हे त्या गाडीतून लोकांपर्यंत पोहोचलं. शेती खात्यात काम केलेलं कुणी बरोबर असेल तर इथे वेळ जास्त धरा. कार्व्हरांनी काढलेल्या शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिकाही बघा. भाषा अगदी सोपी, वर रांधायच्या कृती दिलेल्या.

दुपारी आम्ही 81 नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला नोटासुल्ग्याकडे निघालो. वीसेक मिनिटांचा रस्ता, दोन्हीकडे पाइनची झाडी. (लेखिका झोरा नील हर्स्टन यांचा जन्म नोटासुल्ग्याचा.) इथे शायलो चर्च आणि त्याला लागून असलेली शायलो रोझेनवाल्ड शाळा, ही माझ्या मते सगळ्या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची जागा.

ज्युलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स या किरकोळ विक्रीच्या मोठ्या कंपनीचे अध्यक्ष आणि भागीदार. 1912 मध्ये ते टस्कीगीच्या विश्वस्त मंडळावर आले. त्यांनी दिलेल्या देणगीतून थोडे पैसे खेड्यांतल्या लहान शाळांसाठी वापरून पाहू, असं वॉशिंग्टननी सुचवलं. आसपासच्या सहा शाळांपासून सुरुवात झाली, आणि 1932 पर्यंत 15 राज्यांत मिळून 4,977 शाळा उभ्या राहिल्या. पण पैसा फुकट मिळत नव्हता. गावानं जमीन द्यायची, वर्गणी किंवा श्रम द्यायचे, आणि काउंटीच्या शिक्षण मंडळानं शाळा चालवायची हमी घ्यायची, तरच हप्ता सुटायचा. एकूण खर्चात रोझेनवाल्ड यांचा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय गावकऱ्यांचा त्याहून जास्त, सुमारे 17 टक्के. बाकी बहुतेक रक्कम करांतून आली, आणि तो कर हे लोक आधीच भरत होते. काही गावांनी कापसाचा एक तुकडा फक्त शाळेच्या नावानं पेरला, कुणी कोंबड्या विकल्या. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्यांनी हे केलं. मला ही आकडेवारी वाचताना फार भरून आलं.

शाळेच्या खिडक्या नीट पाहा. उंच, एकमेकींना खेटून लावलेल्या. वीज नसल्यामुळे या शाळांचे नकाशे उजेडाच्या हिशेबानं काढलेले असत: बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. दिशाही ठरवून दिलेली, इमारत पूर्व-पश्चिम उजेड घेईल अशी. आतून पाहायची असेल तर आठवडाभर आधी कळवून वेळ ठरवा. आयत्या वेळी दार उघडं मिळेल अशी आशा नको. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्या वेळात फक्त शाळा बघायला म्हणून जाऊ नये. देणगीपेटी दिसली तर हात आखडू नका, अशी वास्तू गावकरीच सांभाळत असतात.

आणि मग मागचं कब्रस्तान. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं या काउंटीतल्या सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासाच्या नावाखाली फसवलं. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, "रक्त बिघडलंय" एवढंच सांगितलं. फुकट तपासणी, गरम जेवण, अंत्यविधीचा खर्च यांचं आमिष होतं. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना मिळू दिलं नाही. माणसं गोळा केली ती चर्चमधून आणि शाळांमधून, म्हणजे ज्या जागा लोकांनी स्वतः बांधल्या होत्या आणि ज्यांच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता तिथूनच. शायलो त्यांपैकी एक. त्यातले बरेच जण इथे पुरलेले आहेत. टस्कीगीच्या रुग्णालयाचाही या कामात उपयोग करून घेतला गेला, हेही लपवू नये. 1972 मध्ये बातमी फुटली, वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लावला, आणि 16 मे 1997 ला अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीनं माफी मागितली. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधी घरी सांगून ठेवा. कबरींवर नावं आहेत, त्यांची घरची माणसं आजही याच भागात राहतात. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

परत टस्कीगीत येऊन चौकात थांबा. मधोमध यादवी युद्धातल्या दक्षिणी सैनिकाचा पुतळा, भोवती दुकानं, त्यांतली काही बंद. 1957 मध्ये विधिमंडळानं या गावाची चौकोनी हद्द बदलून तिला 28 बाजूंची केली, जेणेकरून सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे गावाबाहेर पडावेत. चार्ल्स गोमिलियन या टस्कीगीच्या प्राध्यापकांनी लोकांना एकत्र केलं, गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकमतानं निकाल मिळवला. 1963 ला शाळेची वेळ आली. न्यायालयाच्या आदेशानं 13 कृष्णवर्णीय मुलं तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या टस्कीगी हायस्कूलमध्ये जायची होती, तर गव्हर्नर वॉलेस यांनी राज्याचे पोलीस पाठवून शाळाच बंद करवली. न्यायालयानं ती उघडायला लावल्यावर गोरी मुलं निघून गेली, त्यांच्यासाठी वेगळी खाजगी शाळा निघाली. पण तोच मेकन काउंटीचा खटला पुढे अलाबामातल्या जवळपास शंभर शाळा-मंडळांना लागू झाला. चौकाजवळच्या इतिहास केंद्रात हे सगळं मांडलंय, आरोग्य सेवेच्या अभ्यासातल्या पुरुषांची नावंही तिथे आहेत. त्याच्या वेळा मर्यादित असतात, आधी फोन करा.

वेळ उरला तर मोटन फील्डला जा. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगी वैमानिकांचं, म्हणजे अमेरिकी सैन्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं स्मारक आहे. हँगर मोठे, मुलं रमतात, प्रवेश विनामूल्य. आमचं थोडं घाईत झालं, तासभर तरी हवा.

खाण्याचं: गावात पर्याय मोजके. शाकाहारी असाल तर विचारून खा, कॉलर्ड भाजी आणि शेंगांच्या उसळीसारख्या पदार्थांत डुकराचं मांस बहुधा शिजवलेलंच असतं. मकाब्रेडलाही कधी चरबी लावतात. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, तेच दुपारी कामी आलं. मुक्काम ऑबर्न-ओपेलायकात करावा, अर्ध्या तासावर आहे आणि हॉटेलं भरपूर. शायलोकडे जाताना मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि पेट्रोल टस्कीगीतच भरा.