आधी पावती की आधी किल्ली?

ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या छोट्या शहरात सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपलं की 295 डॉलरची पावती फाटायची. भरली नाही की रक्कम वाढणार. 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी अशा बंदीला हिरवा कंदील दाखवला. ज्याला रात्री अंग टाकायला जागा नाही, त्याने हे पैसे आणायचे कुठून? मला याचा संताप येतो.

फिनलंडची राजधानी हेलसिंकीने बेघरांसाठी नेमकं उलट केलं. दारू सोडा, सुधारा, मग घराचं बघू, ही अटच फिनलंडने 2008 पासून बाजूला ठेवली. आधी घर. भाडेकरार त्या माणसाच्या नावावर. भाडं त्यानेच द्यायचं, कमी पडलं तर सरकारी मदत. ओळीने खाटा मांडलेली निवारागृहं मोडून तिथे छोटे फ्लॅट केले. 1985 मध्ये शहरात अशा दोन हजारांवर खाटा होत्या, 2016 पर्यंत पन्नासेक उरल्या.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती आतून लावता येणारी कडी. चपला चोरीला जातील म्हणून उशाखाली घेऊन झोपणारा माणूस उद्याच्या मुलाखतीचा विचार काय करणार?

अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहराकडे फिनलंडसारखी सरकारी व्यवस्था नाही. तरी शंभरावर संस्था एकत्र आणून त्यांनी 2011 पासून बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली. तिथे घरं तुलनेने स्वस्त, हेही खरंच. जिथे रिकामी घरंच नाहीत तिथे ती आधी बांधावी लागतात, आणि खरा पैसा तिथेच लागतो.