बांधावरची करवंद

पालवी फुटली की झाड जगलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. करवंदीचं एक खोड हकनाक मारलं, तेव्हा कळलं.

माझं माहेर जावळी तालुक्यात. दादाच्या शेताच्या बांधावर करवंदीची जुनी जाळी आहे. गुरांनी ओरबाडून आणि दरसाल कोयत्याने छाटून तिची खोडं मनगटाएवढी जाड झालीत, पण उंची गुडघ्याच्या वर नाही. बोन्साय करणाऱ्याचा जीव अडकावा अशीच. रानातून असं आयतं घडलेलं खोड आणण्याला जपानी लोक यामादोरी म्हणतात. मे महिन्यात करवंदं खायला गेले होते, तिथे एक खोड नजरेत भरलं. दादा म्हणाला, "पाऊस तरी पडू दे की गं." मी ऐकलं नाही.

वीतभर तांबडी माती, खाली लगेच मुरूम. खोडाखालून एकच सोटमूळ निघालेलं, अंगठ्याहून जाड, दगडांच्या फटीतून सरळ खाली गेलेलं. आजूबाजूला तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. पाणी ओढणारी बारीक मुळं कुठेतरी खोल, लांब, माझ्या हाताच्या पलीकडे. पहारीने दगड हलवायला गेले आणि मूळ कटकन तुटलं. हातात आला तो चीक गळणारा खुंट.

तरी आणला, कुंडीत लावला. तीन आठवड्यांत पोपटी, चकचकीत पालवी आली आणि मी ती घरादाराला दाखवली. जुलैत, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, पानांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर खाली एकही पांढरा तंतू नव्हता, मुळाची साल काळी पडून निसटत होती. खोडात साठलेल्या अन्नावरच ती पालवी आली होती. साठा संपला, वर पानं पाणी मागतायत आणि खाली ते ओढायला कुणी नाही. मी परकरात होते तेव्हापासून ते झाड तिथे होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पिंपळाची गोष्ट वेगळी. साताऱ्यात आमच्या पेठेत एक जुना वाडा पाडत होते. मागच्या भिंतीत पिंपळ होता. मालकांनी झाडासाठी नगरपालिकेची परवानगी काढली होती, पण मुकादम हात लावेना. "पिंपळ हाय ताई, पाप लागंल." मी म्हटलं, मारायला नाही, जगवायला नेतेय. मग नारळ फोडला आणि एकेक वीट त्यानेच जपून सोडवली. मूळ बघण्यासारखं होतं. दोन विटांच्या सांध्यात वाढून पट्टीसारखं चपटं झालेलं, वर चुन्याचे पापुद्रे चिकटलेले. बारीक मुळं तिथेही नव्हती. पण पिंपळाच्या मुळाच्या तुकड्यालासुद्धा धुमारे फुटतात, ही जातच चिवट. सगळी पानं काढली, फांद्या आखूड केल्या, मुळाची टोकं धारदार करवतीने साफ कापली, चीक धुतला. जाड वाळू आणि चाळलेल्या विटांचे दाणे अर्धे अर्धे घेतले. खोड कुंडीला तारेने असं आवळलं की हलवून हलू नये, कारण नवं मूळ केसासारखं असतं, खोड डुललं की तुटतं. वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीतली पण उजेडाची. खत अजिबात नाही. पहिल्या पालवीला या वेळी मी भुलले नाही. दुसरी पालवी आली, पेरं लांबली, कुंडीच्या भोकातून पांढरी टोकं डोकावली, तेव्हा कुठे पिशवी काढली.

करवंदीला हे असं चालत नाही. तिची मुळं उपटायच्या आधी, जागेवरच तयार करून घ्यावी लागतात. म्हणून दुसऱ्या एका खोडाला गेल्या वर्षी मृगाच्या पावसात हात घातला. बुंध्यापासून वीतभर सोडून अर्ध्या वर्तुळात चर खणला, आडवी जाड मुळं करवतीने कापली आणि चर वाळू व कुजलेल्या पालापाचोळ्याने भरला. उरलेली अर्धी बाजू तशीच ठेवली, झाडाला तेवढ्यावर जगता यावं म्हणून. उन्हाळ्यात वहिनी आठवड्यातून दोनदा घागरभर पाणी घालत होत्या. सोटमूळ सगळ्यात शेवटी.

दादाची जमीन आहे म्हणून हे करते. वनखात्याच्या हद्दीतून रोपटंसुद्धा आणू नये, आणि दोन वर्षं थांबायची तयारी नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरचंही मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढी उमेद नसली तर रोपवाटिकेतलं रोप घ्या, त्याला घडवा.

परवा जाऊन दुसऱ्या बाजूचा चर खणला. त्याआधी जुन्या चरात बोटांनी माती थोडी बाजूला केली. कापलेल्या मुळाच्या कडेला फुगवटा धरला होता आणि त्यातून सात-आठ पांढरी मुळं निघाली होती, शिवायच्या दोऱ्याएवढी. वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "ताई, झाका लवकर, ऊन लागेल त्यांना." ओली माती ओढून घेतली आणि वर गवत अंथरलं.