खाडीचा चिखल जांभळा चालेल, पण गडदच हवा

ठाण्याची खाडी ॲक्रिलिक रंगांत रंगवायची म्हणून ऐरोलीच्या काठावरून संध्याकाळी पाहिलं तर सूर्य समोर, मुलुंडमागच्या डोंगरांवर उतरतो. डोंगर, तिवरं, विजेचे मनोरे, सगळ्यांची सावलीची बाजू आपल्याकडे. चित्रात हमखास होतं ते असं: आकाश केशरी, पाणी केशरी, उरलेलं काळं. झालं कॅलेंडर! केशरी रंग एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी काय ठेवलंय, त्यावर सगळं ठरतं.

१९०५च्या उन्हाळ्यात मातिस आणि देराँ हे चित्रकार दक्षिण फ्रान्समधल्या कोल्यूर या मासेमारीच्या बंदरात चित्रं काढत होते. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात एका समीक्षकाच्या तोंडून ‘रानटी जनावरं’ हा शब्द गेला आणि ‘फोव्ह’ (फ्रेंचमध्ये रानटी जनावरं) हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. त्यांच्याकडून उचलायच्या गोष्टी दोनच. सावलीला काळा लागत नाही, निळा-जांभळा-हिरवा पुरतो. आणि फटकाऱ्यांच्या मधे कॅनव्हास कोरा सोडला तर उजेड तिथून येतो.

आता खाडी. रंग हवा तो घ्या, टोन, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद, तो मात्र समोर दिसतो तोच. आकाश सर्वांत उजळ, पाणी त्याहून किंचित उतरतं, डोंगर मधला, तिवरं सर्वांत गडद. ओहोटीला उघडा पडलेला चिखलही गडदच, फक्त ओल्या कडेला आकाशाची एक चकाकती रेघ. टोन नीट असतील तर डोंगर गुलाबी आणि तिवरं गर्द निळी केली तरी नजर ती जागा ओळखते. चुकले, तर हुबेहूब रंगातली खाडीही कागदी दिसते. खात्री करायची तर चित्राचा फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल करा.

उदासी राखाडीतून येते हा गैरसमज आहे. ती येते टोन एकमेकांजवळ आणल्याने. पण तांबूस केशरी आणि निळसर हिरवा असे परस्परविरुद्ध रंग अगदी एकाच टोनमध्ये शेजारी लावले की कड थरथरते आणि चित्र अस्वस्थ होतं. त्यातला कुठलाही एक रंग दोन पायऱ्या गडद केला की तेच पाणी निवांत.

ॲक्रिलिकमध्ये घोळ होतो तो सुकताना. रंग धरून ठेवणारं माध्यम ओलं असताना दुधाळ असतं, सुकलं की पारदर्शक होतं आणि रंग गडद पडतो. म्हणून आकाशाचं मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं उजळच करा आणि कॅनव्हासच्या कोपऱ्यात एक फटकारा सुकवून बघा. उजळ करायला टायटॅनियम व्हाइट ओतत बसलात तर केशरी खडूसारखा थंड पडतो. तिथे आधी पिवळा घाला, पांढरा शेवटी. गडदासाठी अल्ट्रामरीन (गर्द निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी): निळा जास्त तर तिवरं, तांबडा जास्त तर चिखल. काळ्याची ट्यूब घरीच राहू द्या.

मे महिन्यात काठावर बसलात तर पॅलेटवरचा रंग बघता बघता आवळतो. मग लोक पाणी घालत सुटतात आणि रंगाची पकड जाते, वरचा हात फिरवला की खालचा थर उचलून येतो. त्यापेक्षा पॅलेटवर ओला स्पंज आणि त्यावर बटरपेपर ठेवा, रंग त्या कागदावर आणि थोडा थोडाच काढा.

रोहित पक्षी घालायचे असतील तर सगळ्यात शेवटी, आणि पाण्याच्याच टोनमधला गुलाबी वापरून. उजळ गुलाबी ठिपके दिले की बघणारा पक्षी मोजत बसतो, खाडी राहते बाजूला.